शाळेची शीव कोण आखणार?

वीस मुलंही नसलेली शाळा चालवणं परवडत नाही. ती जवळच्या मोठ्या शाळेत मिळवावी, आणि कुठल्या वस्तीची मुलं कुठल्या शाळेत जातील हे शिक्षण खात्यानं नकाशा पुढे घेऊन ठरवून टाकावं. हे मत आज महाराष्ट्रात इतकं रुळलं आहे की ते एक मत आहे याचाच विसर पडतो. तालुक्याच्या बैठकीत ते ऐकू येतं, वर्तमानपत्रांत छापून येतं, आणि शिकून शहरात गेलेली आमची माणसं सणावाराला येवल्यात आली की तीही तेच बोलतात. मला ते चूक वाटतं. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही अर्थ नसतो.

तो पूर्वपक्ष असा. 2023 मध्ये सरकारनं पुढे ठेवलेल्या आकड्यांनुसार राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा होत्या. त्यांत 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि एका शिक्षकामागे सहा. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. पहिलीतल्या एकुलत्या पोराला बाराखडी गिरवायला लावून गुरुजी चौथीतल्या दोघांना भागाकार शिकवतात. एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले आणि दुसरे रजेवर असले की त्या दिवशी शाळेला कुलूप. मैदानावर कबड्डीचे दोन संघ उभे राहत नाहीत. हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचाही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2016-17 चे आकडे दिले आहेत, त्यांत देशातल्या सुमारे 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत 30 पेक्षा कमी मुलं आहेत आणि एकशिक्षकी शाळा 1,08,017 आहेत. महाराष्ट्रानं 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करायचं ठरवलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले गेले, आणि नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ ही नावं पुढे आली. लोकांना विचारायचं का, यावर या पक्षाचं उत्तर तयार असतं. विचारलं तर कुठलंच गाव आपली शाळा सोडणार नाही. बैठक गावकी-भावकीत अडकेल आणि मुलांचं हित बाजूला राहील. शिवाय पालकांनी आपला कौल कधीच दिलेला आहे. तेच मुलांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात, मग आता त्यांना काय विचारायचं?

यातलं बरंच खरं आहे. वर्गात एकटं बसणारं सहा वर्षांचं पोर काय गमावतं हे ज्यानं पाहिलं आहे, तो लहान शाळेचं सरसकट गुणगान करणार नाही. मीही करत नाही. काही शाळा खरोखर मिळवाव्या लागतील. माझा वाद मिळवण्याशी नाही. कुणाला कुठे मिळवायचं हे कोण ठरवतं, आणि कशावरून ठरवतं, याच्याशी आहे.

आधी त्या विसाकडे पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवीसाठी मुलांची संख्या साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, असं ती म्हणते. साठची वरची मर्यादा आहे, खालची मर्यादा लिहिलेलीच नाही. म्हणजे बारा मुलांच्या शाळेत दोन शिक्षक असणं ही उधळपट्टी नव्हे, ते कायद्याचं पालन आहे. मग वीस आले कुठून? ते राज्याच्या 2011 च्या नियमांत आहेत. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, आणि त्या परिसरात सहा ते अकरा वयाची, शाळेत येऊ शकणारी किमान वीस मुलं असावीत, असा तो नियम आहे. तो नियम शाळा उघडण्यासाठी केलेला आहे. त्यातले वीस परिसरातल्या मुलांचे आहेत, हजेरीपटावरच्या नावांचे नव्हेत. उघडण्याची अट बंद करण्याची अट म्हणून वापरायची, आणि परिसरातली मुलं मोजायच्या जागी पटावरची नावं मोजायची, अशी ही दुहेरी अदलाबदल आहे. ती इतक्या सहज झाली की चर्चेत कुणी थांबून विचारतही नाही.

पट आणि परिसरातली मुलं यांतला फरक शब्दांचा नाही. पट हा परिणाम असतो. शाळेच्या वाट्याला कुठल्या वस्त्या आल्या, वाट कशी आहे, गुरुजी टिकतात का, या सगळ्याचा तो परिणाम. परिणामाकडे बोट दाखवून कारणाला माफी द्यायची हा वैद्यकीत चालणार नाही असा न्याय आहे. ताप कमी व्हावा म्हणून कोणी रोगीच खाटेवरून उचलून टाकत नाही.

आता आमच्या तालुक्याचा भूगोल घ्या. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेचा हा अवर्षणाचा भाग. पैठणीमुळे येवलं जगाला माहीत आहे, पण तालुका कांदा, मका आणि कपाशीवर जगतो. इथली अर्धी माणसं गावठाणात भेटायची नाहीत. ती मळ्यात राहतात. विहिरीजवळ घर, गोठा, चार-सहा भाऊबंदांची घरं, मध्ये पाऊण किलोमीटर शेत, मग पुढची वस्ती. शाळा मात्र गावठाणात, आणि शाळेचा हिशेब ग्रामपंचायतीच्या शिवेप्रमाणे. महसुली शीव जिथून जाते तिथेच शाळेची शीव संपते असं कागद समजतो. शिवेवरच्या वस्तीला शेजारच्या गावची शाळा दहा मिनिटांवर असते आणि आपल्या गावची चाळीस मिनिटांवर, तरी तिची मुलं मोजली जातात आपल्याच गावाच्या खात्यात. अशा दोन गावांच्या शाळा समोरासमोर रोडावत जातात, आणि दोन्ही कागदांवर लाल शेरा पडतो. शीव थोडी सरकवली तर एक शाळा वीसच्या वर जाईल, कदाचित दुसरी मिळवावी लागेल, पण ती कुणावर लादलेली नसेल. ही गोष्ट त्या वस्तीवरच्या कुठल्याही आईला ठाऊक असते. ती गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही, कारण ती विचारलीच जात नाही.

अंतराचंही तेच. एक किलोमीटर म्हणजे काय? नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं एक किलोमीटर आणि सहा वर्षांच्या पोरानं दप्तर घेऊन चाललेलं एक किलोमीटर ही दोन वेगळी मापं आहेत. मनमाडहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आणि नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता येवल्यात विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवरून दिवसरात्र मालमोटारी आणि कांद्याच्या गाड्या धावतात. मनमाड-दौंड रेल्वेमार्ग तालुक्यातून जातो. पालखेडचा डावा कालवा जातो, आणि आवर्तन सुटलं की एरवी कोरड्या असलेल्या पात्रातून मुलं पलीकडे जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानातली पाऊलवाट गुडघाभर चिखलात जाते. उत्तरेला अंकाई-टंकाईच्या डोंगराकडे चढउतार वेगळे. हे मी कौतुकानं सांगत नाही. केंद्राच्या 2010 च्या नियमांतच लिहिलं आहे की जिथे दुर्गम भूभाग, पूर, रस्त्याचा अभाव किंवा वाटेत मुलांना धोका असेल तिथे अंतराची मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी. धोका आहे की नाही हे कोण सांगणार? उपग्रहाच्या चित्रात कालवा दिसतो. त्यात पाणी कोणत्या महिन्यात असतं ते दिसत नाही.

वर्तुळ काढून शाळेची शीव ठरवण्याचा मोह किती दूर नेतो याचा दाखला याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्यानं नियमांत दुरुस्ती केली. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या त्रिज्येत येणाऱ्या विनाअनुदानित खासगी शाळांना वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के जागांतून तिनं सूट दिली. ज्या एका किलोमीटरनं गरीब मुलाला शाळा जवळ आणायची होती, तोच एक किलोमीटर त्याला दुसऱ्या शाळेच्या दारातून परतवायला वापरला गेला. पालक न्यायालयात गेले आणि 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. टेबलावर बसून काढलेलं वर्तुळ न्यायालयात टिकलं नाही. तरी एकीकडे ‘एक किलोमीटरवर सरकारी शाळा आहे’ असं म्हणायचं आणि दुसरीकडे तीच सरकारी शाळा पट नाही म्हणून बंद करायची, ही विसंगती अजून कोणी नीट तोंडावर मांडलेली नाही.

पालकांनी पायानं मत दिलं आहे, या म्हणण्यालाही उत्तर हवं. पिवळी बस वस्तीच्या बांधापर्यंत येते. जिल्हा परिषदेची शाळा येत नाही. पालक ज्याला इंग्रजीची ओढ म्हणून आपल्याला सांगतात, त्यात बसची सोय किती आणि इंग्रजी किती हे वेगळं करून कुणी विचारलं आहे? एकेकाळी हेच राज्य वस्तीपर्यंत गेलं होतं. 2000 सालच्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या. वस्तीवरचाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी तुटपुंज्या मानधनावर शिकवत असे, आणि पुढे त्या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. शाळेनं मुलाकडे जायचं, मुलानं शाळेकडे नव्हे, हे तत्त्व तेव्हा सरकारनंच मान्य केलं होतं. आज बंद करायच्या यादीत येणाऱ्या लहान शाळांकडे पाहताना त्यांचा जन्म या तत्त्वातून झाला आहे हे लक्षात ठेवलं पाहिजे. समूह शाळा बस देणार असेल तर आनंद आहे. पण बस पहिल्या वर्षी येते, तिसऱ्या वर्षी डिझेलचं बिल थकतं, आणि तोवर वस्तीवरच्या शाळेची कौलं उतरलेली असतात, ही पालकांची भीती आहे. ती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. तोरणमाळचा नमुना तर निवासी शाळेचा. सातपुड्यात त्याची गरज असेल. येवल्याच्या मळ्यातलं सहा वर्षांचं पोर आईपासून तोडायला मात्र कोणतंही कारण पुरणार नाही.

पूर्वपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा मी अजून घेतलेला नाही. लोकांना विचारा म्हणता, पण लोक म्हणजे कोण? गाव म्हणजे कोण? हा प्रश्न येवल्यात बसून टाळता येत नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच येवल्यात, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. ज्या बालपणातून ती घोषणा आली त्यात शाळा होती. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळं बसणं होतं आणि स्वतःच्या हातानं पाणी न घेता येणं होतं. मुंबई विधिमंडळानं 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक शाळा, पाणवठे, दवाखाने सर्वांना खुले केले, तरी गावोगावच्या शाळांची दारं ठरावानं आपोआप उघडली नाहीत. त्याआधी 1919 मध्ये छत्रपती शाहूंनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. तो हुकूम काढण्याआधी त्यांनी गावोगाव कौल घेतला असता, तर काय उत्तर मिळालं असतं हे सांगायला नको. शाहूंनी विचारलं नाही हे योग्यच केलं.

मग माझा पक्ष पडला का? नाही. शाहूंच्या हुकमात मुलाचा हक्क ठरत होता. कुणाला कुठल्या शाळेत घ्यायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न गावाच्या मताला टाकायचाच नसतो. आज जो प्रश्न आहे तो त्या हक्कापर्यंत पोचायच्या वाटेचा आहे. हक्क मताला टाकू नये, आणि वाट चालणाऱ्याला विचारल्याशिवाय आखू नये. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, नांदल्याच पाहिजेत. उलट न विचारता आखलेली शीवच जुन्या उतरंडीला अधिक मदत करते. गावठाणातली शाळा टिकते, कारण तिच्या मागे सरपंच असतो, माजी विद्यार्थी असतात, आमदारांपर्यंत ओळख असते. दलित वस्तीची, भिल्ल वस्तीची, मळ्यातल्या धनगर कुटुंबांची शाळा यादीत आधी येते. कारण पट कमी, आणि बोलणारं कुणी नाही. फाइलवर ही निवड तटस्थ दिसते. प्रत्यक्षात तिनं पुन्हा तेच केलेलं असतं.

म्हणून लोकांना विचारणं म्हणजे ग्रामसभेत हात वर करून घेणं नव्हे. त्या सभेत कोण बोलतं आणि कोण दाराशी उभं राहून ऐकतं हे आपण सगळे जाणतो. 2009 चा कायदा याबाबत ग्रामसभेपेक्षा शहाणा आहे. त्याच्या 21 व्या कलमानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. 22 वं कलम त्या समितीला शाळा विकास आराखडा करायला लावतं, आणि त्या तीन वर्षांच्या आराखड्यात दर वर्षी प्रत्येक इयत्तेत किती मुलं येतील याचा अंदाज मांडायचा असतो. म्हणजे पटाचा अंदाज करणं हे पालकांचं काम कायद्यानं आधीच ठरवलं आहे. 9 व्या कलमानं चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं स्थानिक संस्थेवर सोपवलं आहे. जिथे 2021 ची जनगणना झालीच नाही तिथे ही नोंद किती मोलाची! शीव ठरवण्याचा अधिकार मात्र कायदा समितीला स्पष्ट शब्दांत देत नाही, हे मी मान्य करतो. तो द्यावा, हीच माझी मागणी आहे.

जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ ज्या आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या 1964-66 च्या कोठारी आयोगानं शेजारशाळेची कल्पना मांडली, तेव्हा तिचा अर्थ अंतर एवढाच नव्हता. एका परिसरातली सगळी मुलं, जातीची, पैशाची भिंत न मानता, एकाच शाळेत एकत्र बसतील, हा तिचा अर्थ होता. शीव आखणाऱ्याच्या हाती ही ताकद असते. शीव अशी आखता येते की गावठाण आणि वस्ती एका वर्गात येतात, आणि अशीही आखता येते की कधीच येत नाहीत. ही ताकद एका कार्यालयाच्या हाती ठेवणं मला धोक्याचं वाटतं, आणि एकट्या सरपंचाच्या हाती ठेवणंही तितकंच.

न विचारता शाळा मिळवल्या की काय होतं याचा मोठा दाखला चीनमध्ये आहे. 2001 पासून तिथे खेड्यांतल्या लहान शाळा मोठ्या शाळांत मिळवण्याची मोहीम चालली, आणि दहा वर्षांत खेड्यांतल्या प्राथमिक शाळा चार लाखांहून अधिक होत्या त्या सुमारे दोन लाखांवर आल्या. मुलांचं रोजचं चालणं वाढलं, लहान मुलं वसतिगृहात गेली, गळती वाढल्याच्या तक्रारी आल्या. 2012 मध्ये तिथल्या केंद्र सरकारलाच ही मोहीम थांबवावी लागली, आणि पुढे शाळा हटवण्याआधी पालकांचं म्हणणं ऐकण्याची अट घालावी लागली. लोकांना विचारण्याबद्दल ज्या राजवटीची ख्याती नाही, तिलाही इथे विचारावं लागलं.

आणि दूर कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात दरेवाडी आहे. भाम धरणाच्या पुनर्वसनात तिथली शाळा हलली, आणि मागे राहिलेल्या आदिवासी कुटुंबांची मुलं शाळेविना राहिली. 2023 मध्ये ती मुलं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात आली. दप्तरं परत घ्या आणि आम्हाला वळायला बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी होती. कागदावर त्या मुलांची सोय दुसरीकडे झालेलीच होती. वाट कशी आहे हे विचारलं नव्हतं. ते सांगायला मुलांना बकऱ्यांसह जिल्ह्याच्या गावी यावं लागलं.

विचारण्यात वेळ जातो, हे खरं. पण किती? एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांचा एक नकाशा करायचा. त्यावर वस्त्या, पाऊलवाटा, कालवा, रेल्वे, हमरस्ता आणि प्रत्येक घरातली सहा ते अकरा वयाची मुलं दाखवायची. तो नकाशा मराठीत, शाळेच्या भिंतीवर महिनाभर लावायचा. केंद्रप्रमुखानं प्रत्येक वस्तीवर, गावठाणात नव्हे, संध्याकाळी कामं आटोपल्यावर एक बैठक घ्यायची आणि आयांचं म्हणणं वेगळं लिहून घ्यायचं. शीव ठरली की कारणं लेखी द्यायची, आणि हरकतीला मुदत ठेवायची. जमिनीच्या मोजणीला आपण नोटीस देतो, शेजाऱ्याला बांधावर बोलावतो, त्याची सही घेतो. मुलाच्या शाळेची शीव बदलताना तेवढंही करत नाही.

यातून काही शाळा मिळवल्या जातीलच. काही ठिकाणी पालक स्वतः म्हणतील की आमची पोरं पलीकडच्या शाळेत घ्या, फक्त कालव्यावर फरशी टाका. अशी उत्तरं येतील म्हणूनच विचारायचं आहे. विचारल्यावर लोक हट्टच धरतात, हे गृहीत धरणाऱ्यांनी आजवर विचारून पाहिलेलं नाही.

येवल्यातल्या, आणि बाहेरच्याही, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझी एवढीच विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याची वाट पाहू नका. समितीच्या पुढच्या मासिक बैठकीत दोन कागद मागा: शाळा विकास आराखडा, आणि तुमच्या शाळेच्या वाट्याला कुठल्या वस्त्या आहेत त्याची यादी. दुसरा कागद बहुधा मिळणार नाही. मग तो तुम्हीच करा, आपल्या वस्तीची मुलं कुठल्या वाटेनं चालतात ते त्यावर काढा, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेऊन द्या.